वॅन०, वॉर्ड०, लॅब०

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

डेबियन १३च्या सूचना पुन्हा वाचल्या. ९ ऑगस्टला आली, १३.१ सप्टेंबरात. आता थांबायचं कारण उरलं नाही. हॉस्पिटलचा गेटवे अजून १२वर.

एका परिच्छेदाखाली रेघ मारली. अपग्रेडनंतर नेटवर्क कार्डांची नावं बदलू शकतात. ज्यांना मशीनपाशी सहज जाता येत नाही त्यांनी जपून. दोन प्रकार दिलेत. स्लॉटचा आकडा फर्मवेअरकडून वाचायची रीत थोडी बदलली, त्यामुळे काही मशीनमध्ये ईएनपी१एस० असलेलं ईएनएस१ होऊ शकतं. दुसरा प्रकार आय४०ई ड्रायव्हरवरची कार्डं.

गेटवेतलं आपलं एक्स७१० कार्ड आय४०ईवरच चालतं. सगळ्या वॉर्डांची वाहतूक त्याच कार्डावरून जाते. लॅबचीही.

दिवाळीत ओपीडी बंद. मंगळवारी, २१ला, संध्याकाळी मोकळीक मिळेल. मेट्रनबाईंना विचारायचं.

आयसीयूतल्या सिस्टरला एवढंच ठाऊक की पोटॅशियमचा रिपोर्ट स्क्रीनवर येतो. तो यायलाच हवा.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज फक्त शोध. ईएनपी१०१एस०एफ० आणि ईएनपी१०१एस०एफ१, ही दोन नावं कुठे कुठे लिहून ठेवली आहेत. /इटीसी सगळं चाळलं, मग /युएसआर/लोकल, मग रूटचा क्रॉनटॅब.

नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, एलएसपीसीआय तर ६५ दाखवतं. मग नावात १०१ कुठून आला?" ६५ हेक्झाडेसिमल आहे. सोळा सक शहाण्णव, वर पाच. ईएन म्हणजे इथरनेट, पीच्या पुढे बसचा आकडा, एसच्या पुढे स्लॉट, एफच्या पुढे फंक्शन. कार्ड मशीनमध्ये कुठे बसलंय त्याचा पत्ताच नावात आहे. त्याने वहीत उतरवून घेतलं. चांगला मुलगा आहे.

यादी वाटली त्यापेक्षा लांब. इंटरफेसेसच्या फाइलमध्ये असणारच. डीएचसीपीच्या डिफॉल्ट फाइलमध्ये, कुठल्या कार्डावर कान द्यायचा ते. ट्रॅफिकचे ग्राफ काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. सिस्कंट्रोलच्या दोन ओळींत. फायरवॉलमध्ये सगळ्यात जास्त.

डीएचसीपीचा विचार करून घाम फुटला. कार्ड सापडलं नाही तर सेवा सुरूच होणार नाही, लॉगमध्ये तसं लिहील. पण वॉर्डांना रात्री काहीच कळणार नाही. आपला लीज चोवीस तासांचा. पत्ते हातात असेपर्यंत पीसी चालत राहतील. दुसऱ्या दिवशी एकेक गळायला लागेल. आधी पुरुष वॉर्ड, मग प्रसूती, कसलाच क्रम नाही. लोक केबल तपासत बसतील.

रात्री, घरी.

फायरवॉलच्या नियमांवरून मन हटत नाही. एनएफटेबल्समध्ये कार्ड दोन तऱ्हांनी सांगता येतं. आयआयएफ लिहिलं तर नियम चढवतानाच कार्ड हजर असावं लागतं. नसेल तर अख्खी फाइल नाकारली जाते. आयआयएफनेम लिहिलं तर नुसती अक्षरं जुळवली जातात. त्या नावाचं कार्ड जगात नसलं तरी फाइल बिनतक्रार चढते. नियम तिथेच राहतो, कुणालाही लागू होत नाही.

आपल्याकडे सगळं आयआयएफनेम. आणि फॉरवर्ड साखळीचं धोरण 'ॲक्सेप्ट'. लॅबची यंत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून त्याखाली एक अडवणारी ओळ, कार्डाच्या नावाने. नाव बदललं की ती ओळ कागदावरच. सगळे रिपोर्ट येत राहतील, सगळे खूश असतील, आणि रक्ततपासणीची यंत्रं इंटरनेटला उघडी. बंद पडलेलं परवडतं, ते ओरडून सांगतं. हे गप्प राहिलं असतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी पहिलं काम: धोरण 'ड्रॉप'. जे हवं तेवढंच नावानिशी उघडं. आता नाव चुकलं तर वाहतूक थांबेल आणि पाच मिनिटांत फोन येईल. हेच हवं.

नवा मुलगा म्हणाला, "कर्नलच्या ओळीत नेट डॉट आयएफनेम्स इक्वल टू झीरो टाकूया की. सगळे परत ईथ० ईथ१ होतील." त्याला बसवून सांगितलं. ईथचे आकडे पंगतीसारखे, जो आधी येऊन बसला त्याचं पहिलं पान. ड्रायव्हर एकाच वेळी सुरू होतात, आज आय४०ई आधी, उद्या आयजीबी. एक कार्ड असेल तर काही बिघडत नाही. चार पोर्ट असलेल्या गेटवेवर इंटरनेटची केबल आज ईथ०, उद्या ईथ२.

मग सगळा इतिहासच निघाला. आधी यूडेव्ह ७०-पर्सिस्टंट-नेट नावाच्या फाइलमध्ये मॅक पत्ता आणि नाव लिहून ठेवायचं. कार्ड बदललं की नवी ओळ, नवा आकडा. डेलने बायोसडेव्हनेम आणलं, ईएम१ आणि पी१पी१ अशी नावं. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडी १९७ने आजची पद्धत आणली. तिला 'प्रेडिक्टेबल' म्हणतात, म्हणजे अंदाज बांधता येईल अशी. एका आवृत्तीपुरतं ते खरं आहे. कार्ड हललं नाही, बस बदलली नाही, तरी नाव बनवायची रीत आवृत्तीगणिक सुधारत जाते. म्हणून तर २४०पासून नेट डॉट नेमिंग-स्कीम देऊन जुनी रीत धरून ठेवायची सोय केली. पण आय४०ईचा बदल कर्नलमधून येतो. ड्रायव्हर आता पोर्टचं स्वतःचं नाव सांगायला लागला. ते शेवटी चिकटतं. ईएनपी१०१एस०एफ०एनपी०.

दुपारी लक्षात आलं, हे जास्त गंभीर. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव पंधरा अक्षरांपलीकडे जात नाही. ईएनपी१०१एस०एफ० रोमन लिपीत दहा. व्हीएलॅनचा डॉट १०० लावला की चौदा, मावतं. एनपी० चिकटलं की तेरा, वर चार, सतरा. वॉर्डांचे व्हीएलॅन तयारच होणार नाहीत.

ठरलं. नावं आपण द्यायची, कामावरून. वॅन०, वॉर्ड०, लॅब०. कार्ड उद्या दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं तरी वॉर्ड० वॉर्डच राहील. वॉर्ड०.१०० नऊ अक्षरं.

फाइली लिहिल्या. वापरातल्या प्रत्येक पोर्टला एक डॉट लिंक फाइल, /इटीसी/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये, नावाची सुरुवात १०ने, म्हणजे ९९-डिफॉल्टच्या आधी वाचली जाईल. ओळख पर्मनंट-मॅक-अ‍ॅड्रेसने. साधा मॅक-अ‍ॅड्रेस लिहिला तर व्हीएलॅनच्या पोटइंटरफेसलाही तोच पत्ता असतो, तेही जुळायला लागतात. कायमचा पत्ता फक्त खऱ्या कार्डाला. जी फाइल आधी जुळते तीच लागू होते, बाकीच्या बघितल्याही जात नाहीत. म्हणून पर्यायी नावांची ओळही इथेच लिहावी लागली, नाहीतर ती सोय गेली असती.

ईथने सुरू होणारं नाव मुद्दाम टाळलं. कर्नल तीच नावं वाटत असतं, टक्कर होते.

लेबल प्रिंटरवर पट्ट्या काढल्या. उद्या केबलना.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दोन बदल एका रात्रीत नकोत. आज फक्त नावं, जुन्याच सिस्टमवर. अपग्रेड मंगळवारी.

इनिटरॅमएफएस नव्याने बांधलं. हे राहिलं तर बूटच्या सुरुवातीलाच जुनं नाव लागतं आणि सकाळपर्यंत माणूस फाइलकडे बघत बसतो.

रात्री सव्वाअकरा. कॅज्युअल्टी शांत. आयसीयूला आणि रक्तपेढीला फोन करून सांगितलं, दहा मिनिटं रिपोर्ट कागदावर. ट्रॉलीवरचा मॉनिटर-कीबोर्ड गेटवेला लावला. रीबूट.

कर्नलच्या नोंदी बघितल्या. वॉर्ड० आला, आधीचं नाव ईथ२. लॅब० आला, ईथ३वरून. वॅन० ईथ०वरून. डीएचसीपी उठलं. व्हीएलॅन सगळे वर.

लॅबमधल्या पीसीवरून बाहेरची एक साइट उघडून बघितली. उघडली नाही. फार बरं वाटलं.

आयसीयूतून फोन. "मॅडम, रिपोर्ट दिसायला लागले. झालं ना?" झालं, सिस्टर. अर्धं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस

ग्राफ कोरे. स्क्रिप्ट बदलली होती, पण ग्राफचे जुने साठे जुन्या नावाच्या फाइलींत. फाइलींची नावं बदलली, आलेख पुन्हा जोडला गेला.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

धन्वंतरीपूजन. सगळे तळमजल्यावर. धणे-गुळाचा प्रसाद.

तिथेच मेट्रनबाईंना गाठलं. मंगळवार संध्याकाळी साडेसात ते नऊ. त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या वेळात क्रॉसमॅचचा रिपोर्ट हवा असेल तर? हाताने, वॉर्डबॉयबरोबर, वेळ आणि सही घालून. त्यांनी स्वतः कार्बनची पुस्तकं काढून ठेवायला सांगितली. काँप्युटर येण्याआधीपासून काम करतात. त्यांच्याशी बोललं की धीर येतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईबरोबर चकल्या. डोक्यात वॉर्ड०.

सोमवार, २० ऑक्टोबर. नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, दहापर्यंत फराळ, मग हॉस्पिटल. गेटवेचा पूर्ण बॅकअप, तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून एकदा उघडून बघितला. /इटीसी वेगळं, कागदावर सुद्धा. इंटरफेसेसची फाइल, तिन्ही लिंक फाइली, फायरवॉल. छापलेले कागद रॅकच्या दारात अडकवले. मशीन उठलंच नाही तर स्क्रीनवरून वाचता येणार नाही.

खंडेनवमीला रॅकवर लावलेलं हळदीकुंकू अजून तसंच आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

वॉचमनकाका म्हणाले, "ताई, आज अमावस्या. उद्या केलं असतं." उद्या पाडवा, नवं कामही उद्याच चांगलं, मान्य. पण आज वॉर्ड निम्मे रिकामे आहेत. घरचं पूजन सहाला आटोपून आले.

७.३५. सुरू. पॅकेजं उतरवून ठेवली होतीच.

८.१०. पॅकेजं बसली. अजून रीबूट नाही. सिस्टमडी २५२चं २५७ झालं. यूडेव्हला विचारून बघितलं की आता या कार्डांना काय नाव देशील. आमच्या फाइलीप्रमाणे उत्तर, वॉर्ड० आणि लॅब०. त्याच उत्तरात जागेवरून बनणारं नाव अजून ईएनपी१०१एस०एफ०च. नवा मुलगा खूश: "बदललंच नाही!" त्याला दाखवलं, कर्नल अजून ६.१च चालू आहे. जुना ड्रायव्हर पोर्टचं नाव सांगत नाही. ६.१२ उठल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही. ज्यांनी इथे बघून विश्वास ठेवला असेल त्यांची रात्र कशी गेली असेल.

८.२०. रीबूट.

मशीनचे पंखे जोरात. बाहेर फटाके. स्क्रीन काळी. हे सर्व्हर उठायला वेळ घेतात हे माहीत असतं, तरी.

८.२५. लॉगिन.

वॉर्ड० आहे. लॅब० आहे. वॅन० आहे. नोंदीत वॉर्ड० या वेळी ईथ०वरून आलेला. गुरुवारी ईथ२ होता. त्याच मशीनमध्ये, तेच कार्ड, तीच केबल. नव्या मुलाने दोन्ही ओळी मोबाइलवर टिपून घेतल्या, काहीच बोलला नाही.

आयपी लिंक लावलं. वॉर्ड०च्या खाली पर्यायी नाव: ईएनपी१०१एस०एफ०एनपी०. हेच मिळालं असतं.

हे पर्यायी नाव चालतं कुठे तेही लगेच बघितलं. आयपी कमांड त्या नावालाही ओ देते. फायरवॉलचा आयआयएफनेम देत नाही, त्याला खरं नावच लागतं. वहीत ठळक लिहिलं.

८.४०. डीएचसीपी चालू, मुद्दाम एका पीसीचा लीज सोडून नवा घ्यायला लावला. मिळाला. लॅबमधून बाहेर जाता येत नाही. वॉर्डमधून लॅबच्या सर्व्हरपर्यंत जाता येतं.

८.५०. मेट्रनबाईंना फोन. कार्बनच्या पुस्तकात एकच रिपोर्ट लिहिला गेला होता, तो वेळेत पोचला.

वॉचमनकाकांना बत्तासे दिले.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

लॅबचं मशीन. लहान, एकच पोर्ट, पण घाबरवणारं हेच.

हे २०१५मध्ये डेबियन ८वर बसवलेलं, तेव्हापासून एकावर एक अपग्रेड. ७०-पर्सिस्टंट-नेटची फाइल अजून जागेवर, कार्डाचं नाव अजून ईथ०. डेबियन १०च्या वेळीच सांगितलं होतं की ही फाइल आता अधिकृतपणे चालत नाही, चाललीच तर नशीब. सहा वर्षं नशिबावर रक्ताचे रिपोर्ट.

अपग्रेडआधी चाचणी. फाइल बाजूला ठेवून एकदा बूट. नाव आलं ईएनओ१. नेटवर्क ठीक. लॅबचं सॉफ्टवेअर उठेना. परवाना सापडला नाही.

परवाना मशीनच्या मॅक पत्त्याला बांधलेला. मॅक पत्ता तर तोच आहे. एसट्रेस लावून बघितलं तर प्रोग्राम सरळ ईथ०चा पत्ता वाचायला जातो. ईथ० नाही म्हणून परवाना नाही. अशी पद्धत जुन्या परवान्यांमध्ये फार, ईएम१ आलं तेव्हापासून लोक याच खड्ड्यात पडतात. तरी राग आला. ज्याने हे लिहिलं त्याला माहीत नव्हतं की याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हिमोग्लोबिनची वाट बघत असतं.

फाइल परत जागेवर, बूट, सॉफ्टवेअर उठलं. लॅबच्या मॅडम दारात उभ्या होत्या. "चालू ना?" चालू.

मग दुपारी शांतपणे: या मशीनला नेट डॉट आयएफनेम्स इक्वल टू झीरो. एकच कार्ड आहे, भांडायला दुसरं नाही. जुनी फाइल काढली. बूट, ईथ०, परवाना मिळाला. एकदा पूर्ण बंद करून पुन्हा. ईथ०. मग अपग्रेड. तिसऱ्यांदा ईथ०.

नव्या मुलाने विचारलं, "परवा तर तुम्हीच नको म्हणालात." गेटवेला नको म्हणाले. इथे दुसरं कार्ड येणार नाही याची जबाबदारी आपली. मशीनच्या पाठीवर लाल पट्टी लावली: यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवू नये, आधी विचारावे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

दादा पुण्याहून आला. ओवाळलं. जेवताना दोनदा मोबाइल बघितला, तो म्हणाला, "आता ठेव बाई तो." ठेवला. ग्राफ सरळ होते.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

लॅब सॉफ्टवेअरच्या कंपनीला पत्र. नावावरून नको, मशीनवर जे कार्ड असेल त्यावरून परवाना तपासा. फोनवरच्या माणसाचं म्हणणं, "मॅडम, ईथ० ठेवा ना, चालतंय तर." वाद घातला नाही. पत्र लेखी, पोच मागितली, प्रत अधीक्षकांना.

सोमवार, २७ ऑक्टोबर

ओपीडी पूर्ण सुरू. सकाळी अकराला गर्दी, वॉर्ड० खणखणीत.

जुन्या नावांसाठी पुन्हा ग्रेप. /इटीसीत एकही नाही. एक सापडलं मदत-टेबलच्या वहीत, हाताने लिहिलेलं, "इंटरनेट गेल्यास ईएनपी१०१ बघा." तिथे पट्टी चिकटवून वॉर्ड० लिहिलं.

रजिस्टरमध्ये नवं पान. पोर्टचं नाव, काम, कायमचा मॅक पत्ता, कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टात केबल, आणि नाव कुठल्या कुठल्या फाइलींत आहे त्यांची यादी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तोच आजवर कुणी ठेवला नव्हता. नव्या मुलाच्या अक्षरात लिहून घेतलं, माझ्यापेक्षा सुवाच्य आहे.

कंपनीचं उत्तर नाही. बुधवारी पुन्हा फोन.

रक्तपेढीचं मशीन राहिलं. त्याला दोन कार्डं, एक यूएसबीचं. त्याचं नाव ईएनएक्स आणि पुढे सगळा मॅक पत्ता, बरोबर पंधरा अक्षरं. तिथे व्हीएलॅन करायचा विचार आहे म्हणे. उद्या आठला तिथे, आधी ग्रेप.